नवरे फाटकापर्यंत

आयव्ही होलरॉयडनं सुट्टीचा बेत आखला की त्यात बोट ठेवायला जागा नसते. तरी मी ठेवतेच, कारण छत्तीस वर्षांत तिनं माझ्या प्रत्येक गोष्टीत बोट ठेवलंय. माझ्या चहात, माझ्या बागेत, एकदा तर माझ्या लग्नाच्या फोटोत. "बाही उसवलीय," म्हणाली. फोटो अडुसष्ट सालचा. आता मी ती बाही कशी शिवू, बाई?

तिचाही दोष नाही म्हणा. कीथलीच्या लोकरीच्या गिरणीत ती एकोणतीस वर्षं रफूच्या खात्यात होती. मागावरून उतरलेलं कापड उजेडात तिरक्या टेबलावर पसरायचं, बोटं फिरवत तुटलेला धागा हुडकायचा, निळ्या खडूनं खूण करायची आणि सुईनं तो असा भरायचा की विणणाऱ्यालासुद्धा पत्ता लागू नये. गिरणी बंद पडली, पण तिची नजर थोडीच बंद पडते! शेवटच्या दिवशी बाकीच्यांनी आठवण म्हणून कात्र्या नेल्या, सुया नेल्या. हिनं कापडाची नक्षी आखणाऱ्यांचा चौकटींचा कागद नेला, दोन गठ्ठे. तेव्हापासून आमचा सुट्टीचा बेत त्या कागदावर होतो. उभ्या रांगेत आमची नावं, आडव्या रांगेत सोमवार ते शुक्रवार, आणि प्रत्येक चौकटीत कुणी कुठली खाट घ्यायची, कुणी बटाटे सोलायचे, कुठल्या दिवशी कुठला डोंगर.

मी फ्रीडा. बत्तीस वर्षं बस चालवली. तोंड फटकळ आहे, ते मला ठाऊक आहे, कुणी सांगायची गरज नाही.

आमचं सुट्टीचं घर हॉर्नथ्वेटच्या वर, ओढ्याच्या काठाला. बेकसाइड त्याचं नाव. बायकांनी मिळून उभं केलेलं, बायकाच चालवतात. चौदा खाटा, एक मोठी शेगडी, ओसरीवर चिखलाच्या बुटांची रांग, आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की दगडी गडग्यांच्या कडेनं वर डोंगरावर जाणारी वाट. नियम थोडे आहेत, पण कडक. बूट आत आणायचे नाहीत. मांस आत आणायचं नाही, त्यामुळे पाच दिवस मसूर. मसुरीचं सूप, मसुरीची वडी, आणि कुणाला उत्साह आलाच तर मसुरीचा पुडिंगासारखा काहीतरी प्रकार. कुठलाही निर्णय सगळ्यांच्या होकारानं घ्यायचा. एकीनं जरी नाही म्हटलं तरी बारगळला. बैठकीत लाकडी पळी फिरते, जिच्या हातात पळी तिनंच बोलायचं. मला ती पळी मिळेपर्यंत पोटात दुखायला लागतं.

आणि पुरुष आत नाहीत. हा नियम आयव्हीचा.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात एकीचा नवरा सकाळी नाश्त्याच्या वेळी थेट स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला, बायकोला ओढून न्यायला. ती बिचारी टेबलाखाली शिरली. आम्ही अकरा जणी हातात टोस्ट धरून थिजलेल्या. आयव्ही उठली. एवढीशी बाई, माझ्या खांद्यालाही लागत नाही. त्याच्यासमोर जाऊन म्हणाली, "बूट काढ."

"काय?"

"आत बूट चालत नाहीत. काढ आधी."

तो इतका गडबडला की खरंच वाकून नाडी सोडायला लागला. तेवढ्यात दोघींनी त्या बाईला मागच्या दारानं शेजारच्या शेतकरणीकडे पोचवलंसुद्धा. त्याच दुपारी आयव्हीनं निळ्या रंगानं पाटी रंगवली आणि फाटकाला लावली: नवरे फाटकापर्यंत. घंटा वाजवा आणि थांबा.

आता घंटा होती कुठं? पाटी आधी, घंटा मागून. त्या शुक्रवारी तिचा नवरा स्टॅन तिला न्यायला आला, पाटी वाचली आणि फाटकाबाहेरच थांबला. तो त्याच गिरणीत यंत्रदुरुस्तीला होता. पुढच्या खेपेला गिरणीच्या अंगणातली जुनी पितळी घंटा घेऊन आला आणि फाटकाला बसवायला लागला. बसवायची आतल्या बाजूनं, आणि हा उभा बाहेर. फाटकावरून दोन्ही हात आत घालून, मान वाकडी करून, जीभ दातात धरून स्क्रू पिळतोय.

मी म्हटलं, "अरे, आत येऊन लाव की सरळ!"

"मला वाचता येतं, फ्रीडा," तो म्हणाला.

तेव्हापासून दर वर्षी मे महिन्यात सोमवारी तो तिला गाडीनं सोडायचा, पिशवी फाटकावरून आत द्यायचा आणि परत फिरायचा. शुक्रवारी सकाळी दहाला घंटा. दोन टोले, जरा थांबून एक. ती टोपी घालून, पाठीवर पिशवी टाकून दारातून बाहेर आली की म्हणायचा, "पाय शाबूत आहेत ना, पोरी?" मग खिशातून कागदात गुंडाळलेली पोर्क पाय काढून द्यायचा, म्हणजे डुकराचं मांस भरून भाजलेली कचोरीच. पाच दिवसांच्या मसुरीनंतर आयव्ही ती तिथंच, फाटकाबाहेर उभ्यानं खायची. पस्तीस वर्षं. घराच्या दारापलीकडचं त्यानं काही पाहिलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी त्याचं विसरणं सुरू झालं. आधी किल्ल्या, मग वार, मग केटली फ्रिजमध्ये. गाडी चालवणं बंद झालं. मागच्या मेमध्ये तो जरा बरा होता, धाकट्या भावाच्या गाडीतून आला, निभावलं. या फेब्रुवारीत आम्ही पाच जणी नेहमीसारख्या आयव्हीच्या पुढच्या खोलीत बेत आखायला बसलो, तेव्हा तो दर दहा मिनिटांनी दारात यायचा आणि विचारायचा, "आयव्ही, माझे मोजे कुठंयत?"

"पायात आहेत, स्टॅन."

तो खाली बघायचा, "अरेच्चा," म्हणायचा आणि जायचा. आयव्ही मान वर न करता पट्टीनं रेघा मारत होती. चेहरा मात्र असा ओढलेला, की मी चहाबद्दलसुद्धा काही बोलले नाही.

तिनं कागद टेबलावर पसरला. नेहमीसारखा देखणा. बुधवारी मोठा डोंगर, कारण बुधवारी हवा सहसा बरी असते असं तिचं मत. गुरुवारी बसनं खालच्या गावी, परत पायी. मी नावं वाचत गेले. माझं होतं. जोसलिनचं होतं. जोसलिन म्हणजे आमची निवृत्त शिक्षिका, घराच्या समितीवर आहे, बोलते तेव्हा अजूनही फळ्यासमोर उभी असल्यासारखी. बाकी दोघींची होती.

"आयव्ही, तुझं नाव कुठंय?"

"कागदावर जागा पुरली नाही."

"खाली चांगल्या नऊ चौकटी मोकळ्या आहेत! मला काय दिसत नाही का?"

"मग समज की मी येत नाही," ती म्हणाली आणि खडू डबीत ठेवून दिला. "याला सोडून कुठं जाऊ? विषय संपला. चहा घ्या."

विषय कसला संपतो! छत्तीस वर्षांत तिची एक खेप चुकली नव्हती. गिरणी बंद झाली त्या वर्षी आली, गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वर्षी आली आणि खिडकीत बसून आम्हाला शिट्टी वाजवून चुकीच्या वाटेवरून परत फिरवलं. आयव्हीशिवाय बेकसाइड म्हणजे काय, मला कल्पनाच करवत नव्हती. मी तशीच रागारागानं घरी आले आणि भांडी आपटली.

मग आम्ही जे केलं ते फक्त आमच्यासारख्या बायकाच करू जाणोत. जोसलिननं तिच्या घरी खास बैठक बोलावली: आयव्हीबरोबर स्टॅनलाही पाच दिवस आत राहू द्यायचं का? पळी फिरली. एक म्हणाली, नियम माणसांसाठी असतात. दुसरी म्हणाली, स्टॅन काय पुरुष आहे, स्टॅन स्टॅन आहे. मला पळी मिळाली तेव्हा मीही म्हटलं, येऊ दे त्याला आत, त्यानं काय कुणाचं वाकडं केलंय? तीन तास चर्चा. समितीतल्या बाकीच्यांना फोन झाले. शेवटी सगळ्यांचा होकार. फक्त एकच झालं, आयव्हीला विचारायचं राहिलं. सगळ्यांचा होकार म्हणतो आणि जिचा नियम, जिचा नवरा, तिलाच विसरतो! वर जोसलिननं कामाच्या तक्त्यात मंगळवारच्या भांड्यांना स्टॅनचं नावसुद्धा घातलं. "त्यालाही आपलेपणा वाटेल," म्हणाली.

मार्चमधल्या एका गुरुवारी जोसलिन आणि मी आलं घातलेला पार्किन केक घेऊन तिच्या दारात. जोसलिननं तक्ता असा पुढं केला जशी काही बक्षीस देतेय.

आयव्हीनं चष्मा लावला. वाचलं. पुन्हा वाचलं. मग डबीतून खडू काढून स्टॅनच्या नावाभोवती निळा गोल केला.

"हे काय आहे?"

"आम्ही सगळ्यांनी ठरवलंय, आयव्ही. एकमतानं," जोसलिन म्हणाली.

"एकमतानं? माझं मत कुठंय मग? माझं नाही आहे. झालं, बारगळलं."

"अगं, पण तुझ्यासाठीच..."

"माझ्यासाठी!" आयव्ही उभी राहिली. "छत्तीस वर्षं तिथं मी कुणाची बायको नसते, कुणाची आई नसते. पाच दिवस मला कुणी विचारत नाही मोजे कुठंयत म्हणून. आणि तुम्ही ते मोजेच तिथं घेऊन चाललात? आणि त्याचं काय? पस्तीस वर्षं जो माणूस इमानानं बाहेर उभा राहिला, त्याला हाताला धरून आत न्याल आणि भांडी घासायला लावाल. तो मान खाली घालून बसेल तिथं. त्याला वाटेल आपण काहीतरी चुकलोय. त्याला नियम आठवतो अजून, तुम्हालाच आठवत नाही!"

जोसलिनला शाळेत इतकं कुणी कधी बोललं नसेल. ती लाल झाली, केक टेबलावर ठेवला आणि बसची वेळ झाली म्हणाली. बस पाऊण तासानं होती. मला ठाऊक आहे, तो माझाच रूट होता.

मी मात्र हलले नाही. आयव्ही मागच्या स्वयंपाकघरात कप धुवायला गेली, मी फडकं घेऊन मागोमाग. एकच कप ती तीनदा धुत होती.

"आयव्ही," मी म्हटलं, "क्लिफर्ड आहे ना? पाच दिवस त्याच्याकडे ठेव."

क्लिफर्ड म्हणजे स्टॅनचा धाकटा भाऊ. पलीकडच्या गल्लीत एकटा राहतो, शर्यतीची कबुतरं पाळतो.

"क्लिफर्ड कबुतरांना घड्याळ लावून दाणे घालतो आणि स्वतः डब्यातनं गार घेवडा खातो."

"पाच दिवस गार घेवडा खाऊन कुणी मरत नाही. खरं कारण सांग."

नळ तसाच वाहत होता. मी हात लांब करून तो बंद केला.

"नर्स येते ना," ती म्हणाली, "तिला मी विचारलं होतं. ती म्हणाली, सांगता येत नाही. रोजचं माणूस चार-पाच दिवस डोळ्यांआड झालं तर कधी कधी पुसलं जातं. परत ओळख लागतेच असं नाही." तिनं कप पालथा घातला. "मी पाच दिवस मजेत डोंगर चढून आले आणि शुक्रवारी त्यानं मला विचारलं, बाई, तुम्ही कोण? तर मी काय करू, फ्रीडा? तोंड कुठं लपवू?"

दारू प्यालेल्यांनी भरलेल्या बसला उत्तरं देणारी बाई मी! मी फडकं हातात धरून उभी राहिले आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी पुसलंही नाही.

"तर तूच ने माझी पाठपिशवी," ती म्हणाली. "तुझ्या पिशवीचा पट्टा तुटायला आलाय, मागच्या वर्षीच पाहिलंय मी." तिनं खुंटीवरची पिशवी काढून खुर्चीवर ठेवली.

तेवढ्यात स्टॅन आत आला. मोजे विचारणार असं वाटलं. तो दारात थांबला, खुर्चीवरच्या पिशवीकडे बघितलं आणि माघारी गेला. जिन्याखाली खुडबुड ऐकू आली. परत आला तो अंगात कोट, डोक्यावर टोपी. पिशवी उचलून खांद्याला लावली.

"चल," म्हणाला. "सोमवार ना? उशीर झाला तर खिडकीजवळची खाट जाईल तुझी."

ज्या माणसाला सकाळी खाल्लेलं दुपारी आठवत नाही, त्याला खिडकीजवळची खाट आठवत होती. न पाहिलेली खाट.

"आज गुरुवार आहे, स्टॅन," आयव्ही हळू म्हणाली.

"असं होय? मग सोमवारी." त्यानं पिशवी पुन्हा खुंटीला अडकवली, नीट, पट्टा आत दुमडून, आणि बाहेर जाऊन टीव्हीसमोर बसला. अंगात कोट तसाच.

आयव्हीनं पिशवीचा तो दुमडलेला पट्टा हातानं चाचपला. मग पुढच्या खोलीत गेली, नवा कागद काढला आणि पट्टी मागितली. मी इतक्या घाईनं दिली की चहा सांडला, आणि तिनं त्याबद्दल मला ऐकवलंच. तेव्हा मला जरा बरं वाटलं.

यंदा बेत दोन कागदांवर झाला. एक आमचा, दुसरा क्लिफर्डचा. क्लिफर्डच्या कागदात अर्ध्या अर्ध्या तासाची चौकट. सकाळी साडेसहाला आणि दुपारी बाराला कबुतरांकडे न्यायचं, एक हातात द्यायचं. नऊला दाढी, साबण त्याच्या हातात ठेवला की तो करतो. चारला चहा, दोन चमचे साखर, तीन मागेल. आयव्हीबद्दल विचारलं तर सांगायचं, डोंगरावर गेलीय, शुक्रवारी आणायची. शेवटच्या चौकटीत: दहाला फाटक. घंटा त्यालाच वाजवू द्यायची.

क्लिफर्डनं टोपी मागं सारून पूर्ण कागद वाचला. "यात मी श्वास कधी घ्यायचा ते लिहिलेलं नाही."

"अकरा वाजता," आयव्ही म्हणाली.

मे महिन्यातल्या त्या सोमवारी आम्ही क्लिफर्डच्या व्हॅनमधून निघालो. स्टॅन पुढं, आयव्ही आणि मी मागं कबुतरांच्या रिकाम्या टोपल्यांमध्ये. क्लिफर्ड वळणावर गिअर कधी बदलायचा हे शिकलेलाच नाही. मी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा आयव्हीनं मला कोपरानं ढोसलं. गडग्यांमागं मेंढ्या, त्यांची या वर्षीची पिल्लं. स्टॅन खिडकीबाहेर बघत शीळ घालत होता.

फाटकाशी तो स्वतःहून उतरला. पिशवी काढली, फाटकावरून आत धरली. जोसलिन आधीच येऊन बसली होती, तिला राहवलं नाही, दारातूनच ओरडली, "स्टॅन, चहा टाकलाय, या की आत घोटभर!"

स्टॅननं तिच्याकडे असं बघितलं की काय ही बाई! "पाटी वाचा," म्हणाला.

आयव्ही फाटकातून आत गेली आणि पिशवी घेतली. त्याच्याकडे बघून काहीतरी बोलणार होती, पण तो वळून व्हॅनकडे निघालासुद्धा, नेहमीसारखा. व्हॅन खालच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ती उभी राहिली. क्लिफर्डनं पुन्हा चुकीच्या जागी गिअर बदलला.

पाच दिवस तिचा बेत घड्याळासारखा चालला. बुधवारी खरंच ऊन पडलं. आम्ही मोठा डोंगर चढलो, ती पुढं, मी मागं धापा टाकत. वर बसून चीज सँडविच खाताना ती म्हणाली, "आता तो कबुतरांपाशी असेल." खाली आल्यावर मसूर. व्हरांड्यात टेलिफोन आहे. ती दोनदा त्याच्यापाशी जाऊन उभी राहिली, एकदा तर रिसिव्हर उचलून कानाला लावला आणि ठेवून दिला. "फोन केला तर तो गोंधळेल," मला म्हणाली, मी विचारलं नव्हतं तरी. गुरुवारी बसनं जाऊन पायी परत येताना मात्र ती हसली. जोसलिन पाणथळ जागेत गुडघ्यापर्यंत रुतली आणि तरीही आम्हाला कुठं पाय ठेवायचा ते समजावत होती. आयव्ही गडग्याला टेकून डोळे पुसेपर्यंत हसली. किती महिन्यांनी तिला तशी पाहिली मी.

शुक्रवारी सकाळी शेवटच्या नाश्त्याची भांडी तिच्या नावावर होती. साडेनवाला सुरुवात केली, पावणेदहाला पुन्हा पहिल्यापासून. कमरेला ऍप्रन, बाह्या वर, केस वाफेनं कपाळाला चिकटलेले.

दहा वाजले. काही नाही. दहा वाजून चार मिनिटं झाली. मी मनात क्लिफर्डला आणि त्याच्या सगळ्या कबुतरांना शिव्या घातल्या.

मग घंटा. दोन टोले, जरा थांबून एक.

आयव्ही तशीच पळाली. ऍप्रन, ओले हात, पायात घरातल्या सपाता. मी मागं. स्टॅन फाटकाबाहेर उभा होता, दाढी गुळगुळीत, हात घंटेच्या दोरीवर. क्लिफर्ड व्हॅनपाशी, टोपी हातात.

आयव्ही फाटकाच्या आत त्याच्यासमोर जाऊन थांबली. दोघांत फक्त फाटक. त्यानं टोपीला हात लावला, अनोळखी बाईसमोर लावतात तसा.

"माफ करा हं बाई," म्हणाला, "आयव्ही होलरॉयडला न्यायला आलोय. माझी मिसेस. जरा हाक मारता का तिला?"

क्लिफर्डनं दुसरीकडे तोंड फिरवलं. मी पुढं होऊन ओरडणार होते, अरे मूर्खा, हीच ती, नीट बघ! पण आयव्हीनं मागं न बघता हात करून मला थांबवलं. तिची मान ताठ होती.

"तयार होतेय ती," आयव्ही म्हणाली. "पाच मिनिटं थांबता का?"

"थांबतो की," तो म्हणाला. "मी थांबतोच नेहमी."

ती वळली आणि घरात गेली. मी मागोमाग धावले. ओसरीवर तिनं ऍप्रन सोडून माझ्या हातात कोंबला, बाह्या खाली केल्या. सपाता काढून बूट चढवले. नाडी मी बांधली. कोट घातला. टोपी घातली, आरशात न बघता. पिशवी पाठीवर घेतली, पट्टा ओढून बसवला. मग दारातून बाहेर पडली, दर वर्षी पडते तशी, सावकाश.

स्टॅननं मान वर केली. तिला पायवाटेवरून येताना तो बघत राहिला. ती फाटकापाशी पोचली, तेव्हा त्यानं हात पुढं करून पिशवी घेतली.

"पाय शाबूत आहेत ना, पोरी?"

"दोन्ही," आयव्ही म्हणाली. "मोजून आणलेत."

त्यानं खिशात हात घातला. आधी रुमाल निघाला, मग कबुतराचं पीस, मग कागदात गुंडाळलेली पोर्क पाय. तिनं फाटक उघडलं, बाहेर गेली, आणि तिथंच उभ्यानं ती खाल्ली, शेवटच्या तुकड्यापर्यंत. तो शेजारी पिशवी धरून उभा होता आणि आत चहा कसला पितात कोण जाणे असं काहीतरी सांगत होता.

मी ओसरीवर बसून तो ओला ऍप्रन तोंडाला लावून रडले, अगदी हमसून हमसून. जोसलिननं येऊन खांद्यावर हात ठेवला आणि पहिल्यांदाच काही समजावलं नाही. आयव्ही व्हॅनमध्ये चढता चढता वळली आणि मला ओरडून म्हणाली, "फ्रीडा, ती दोन पातेली अजून राहिलीत, तुझ्या नावावर लिही!"

मी आत जाऊन ती घासली.